कडब्याच्या जोडीला निवडुंग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक दंडक संयोजकांनी अजून पाळला आहे. वक्त्याने जिल्ह्याच्या कामाचं काही बोलावं, एवढाच तो दंडक. मी पशुवैद्य आहे. माझं सगळं आयुष्य दावणीभोवती गेलं. त्यामुळे मी चाऱ्यावर बोलणार आहे, आणि त्यातही बिनकाट्याच्या निवडुंगावर. या विषयाची चर्चा अलीकडे बरीच वाढली आहे. सरकारी बैठकांत त्याचं नाव निघतं, मोबाइलवर चित्रफिती फिरतात, 'पाण्याविना चारा' असे मथळे छापून येतात. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो आणि मग त्याची कारणं देतो. निवडुंग आपल्या जिल्ह्यात लावण्यासारखा आहे, जरूर लावावा. पण तो कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ज्याच्या घरी कडबा आहे त्यालाच निवडुंगाचा उपयोग आहे. म्हणून निवडुंगाची गोष्ट मला ज्वारीपासून सुरू करावी लागते.

जालना जिल्ह्याची पावसाची सरासरी ६८८ मिलिमीटरच्या आसपास सांगतात. आकडा ऐकायला वाईट नाही. जगात याच्या निम्म्या पावसावर माणसं गुरं पाळतात. पण आपल्याकडे जूनमध्ये पेरलेलं जुलैत करपतं आणि सप्टेंबरच्या एका आठवड्यात शेतं वाहून जातात. सरासरी भरते, गंजी भरत नाही. २०१२-१३ साली तर राज्यात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत आपलं नाव होतं. मोसंबीच्या बागा लोकांनी टँकरने जगवल्या. ज्या जगल्या नाहीत त्यांचं सरपण झालं. मोसंबीवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. त्याच उन्हाळ्यात गोठ्यांत काय चाललं होतं, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

त्या दिवसांत मेलेल्या एका बैलाचं पोट मी उघडलं होतं. कोटीपोट टम्म भरलेलं होतं. वरून पाहणाऱ्याला वाटावं, जनावर पोटभर खाऊन मेलं. आत प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळीचे गुंते, खताच्या गोणीच्या दशा आणि मुठीएवढा पाचोळा. बैल मोकळा सोडला होता, कारण दावणीला घालायला काही नव्हतं. मालक शेजारी उभा होता. त्याच्याकडे कपाशी होती, सोयाबीन होतं, थोडी तूरही होती. वैरण नव्हती.

यातच सगळं आलं. पूर्वी आपल्याकडे दुष्काळ पडला की धान्य आधी संपायचं आणि कडबा थोडाफार उरायचा. आता धान्य रेशनवर मिळतं आणि कडबा मिळत नाही. मालदांडीसारखी उंच वाढणारी, गोड ताटाची ज्वारी रब्बीत घरोघर असायची. तिचा कडबा पेंढ्या बांधून गंजीला लागायचा आणि शेकड्याच्या भावाने विकलाही जायचा. खरिपात संकरित ज्वारी आली तेव्हा कणीस वाढलं, ताट आखूड झालं. मग ज्वारीच गेली. कपाशी आणि सोयाबीनने तिची जागा घेतली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला कुणी नाही, आणि बाजारात भाव सोयाबीनला आहे. पण कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा शेतातच पेटतात. सोयाबीनचं भुसकट गुरं खातात, पण त्यावर निभत नाही. एकरामागे जेवढी वैरण ज्वारी द्यायची, तेवढी यातलं कोणतंच पीक देत नाही. दुष्काळ नसलेल्या वर्षीसुद्धा आता मार्च उजाडला की वैरण विकत आणायची पाळी येते. ही तूट आपणच पेरलेली आहे.

आता निवडुंगाकडे येतो. आपण ज्याबद्दल बोलतोय तो फड्या निवडुंगाच्या कुळातला, मूळ मेक्सिकोकडचा. हे आधीच स्पष्ट करतो, कारण खेड्यात शेर आणि त्रिधारीलाही लोक निवडुंगच म्हणतात. ज्याला कापल्यावर पांढरा चीक येतो ते झाड वेगळ्या कुळातलं आहे, विषारी आहे, आणि ते जनावराला कधीही घालू नये. चाऱ्याच्या निवडुंगाला चीक नसतो. चपटी, हाताच्या पंज्याहून मोठी, जाडजूड पानं असतात आणि कापल्यावर आतून भेंडीसारखा बुळबुळीत रस सुटतो.

हे झाड पाणी कसं वाचवतं ते समजून घेण्यासारखं आहे. ज्वारी, मका, कपाशी ही सगळी पिकं दिवसा पानांची रंध्रं उघडतात. हवेतला कर्बवायू आत येतो आणि त्याच वाटेने पाणी उडून जातं. एप्रिलच्या उन्हात हा व्यवहार फार महाग पडतो. निवडुंग दिवसा रंध्रं मिटून बसतो. रात्री हवा गार झाली की ती उघडतो, कर्बवायू घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड त्याचं अन्न करतो. पहाटे कोवळं पान तोडून चाखलं तर आंबट लागतं. तेच दुपारनंतर चाखलं तर आंबटपणा उतरलेला असतो. एवढ्या एका सवयीमुळे तेवढाच सुका चारा तयार करायला त्याला इतर पिकांच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकं पाणी पुरतं.

'पाण्याविना चारा' ही जाहिरात मात्र खोटी आहे. निवडुंगालाही पाऊस लागतो. चार-पाचशे मिलिमीटर पावसात तो चांगला वाढतो, त्याहून कमी पावसात तगून राहतो. तगून राहणं आणि उत्पन्न देणं यांत फरक आहे. त्याचा खरा गुण वेगळाच आहे. कडवळ वेळेवर कापलं नाही तर वाळतं, कडबा भिजला तर सडतो, मुरघासाला खड्डा, प्लास्टिक आणि भांडवल लागतं. निवडुंग जागेवर उभा राहतो. यंदा गरज नाही, कापू नका. पुढच्या वर्षी तो आणखी मोठा झालेला असेल. दुष्काळ तिसऱ्या वर्षी आला तर तेव्हा कापा. उभ्या झाडात चारा आणि पाणी दोन्ही साठवता येतं असं दुसरं वैरणीचं पीक कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात मला दिसत नाही.

आता दावणीचा हिशेब मांडू. निवडुंगाच्या पानात शंभरातले नव्वद भाग पाणी असतं. म्हणजे पंचवीस किलो पानं गाईपुढे टाकली तर तिच्या पोटात अडीच किलो सुका चारा गेला आणि बावीस-तेवीस लिटर पाणी गेलं. साडेतीनशे-चारशे किलोच्या गाईला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा लागतो. उरलेलं कुठून आणणार? नुसता निवडुंग घातला तर पोट भरल्यासारखं दिसतं, पण तंतू कमी पडतो, रवंथ नीट होत नाही, शेण पातळ होतं. दोन-चार दिवसांत हगवण लागली की लोक म्हणतात, निवडुंग बाधला. बाधला नाही, एकटा घातला. त्यात प्रथिनंही कमीच, सुक्या भागाच्या चार ते आठ टक्के. चुना भरपूर, स्फुरद थोडं. शक्ती मात्र चांगली असते, कारण पचायला सोपी शर्करा त्यात आहे.

आता पंचवीस किलो पानांबरोबर पाच-सहा किलो कडब्याची कुट्टी आणि किलोभर सरकी पेंड घाला, चिमूटभर मीठ आणि क्षारमिश्रण द्या. भाकड गाय किंवा रिकामा बैल उन्हाळा काढतो आणि उभा राहतो. ज्या घरी रोज दहा किलो कडबा लागायचा, तिथे तो निम्म्यावर येतो. एका गंजीवर दोन उन्हाळे निघतात. शिवाय गाईला पाजायचं पाणी जवळजवळ निम्म्याने कमी होतं, आणि टँकरच्या गावात याचं मोल वेगळं सांगायला नको. सरकी आपल्या जिल्ह्यात पिकते, तिची पेंड इथेच निघते. तुरीचा भुसा आहे, तोही प्रथिनांचा. आपल्याकडे नाही तो कडबा.

शेळीला किती घालावं, हे बायका मला जास्त विचारतात. तीस किलोच्या उस्मानाबादी शेळीला तीन किलो पानं, सोबत तुरीचा भुसा आणि पाला. पाच गुंठ्यांत मीटर-मीटर अंतरावर पाचशे झाडं बसतात. जम बसल्यावर झाडामागे वर्षाला पाच किलो ओली पानं, असा हात राखून अंदाज धरला तरी अडीच टन होतात. नऊ शेळ्यांचे तीन महिने निघतात. चांगल्या जमिनीत यापेक्षा जास्त येईल, पण चारा कमीच धरून चालावं.

पहिल्या दिवशी शेळी पान हुंगते आणि तोंड फिरवते. तिला उपाशी ठेवून शिकवायला जाऊ नका. कोयत्याने पानाचे बोट-बोट रुंदीचे काप करायचे, त्यांवर थोडा कोंडा किंवा कुट्टी भुरभुरायची. कापाच्या ओलसर रसाला ती चिकटते, वाऱ्याने उडत नाही, आणि शेळी कोंड्यासाठी तोंड घालते. चार-सहा दिवसांत तिला चव लागते. त्यानंतर ती कोयत्याचा आवाज ऐकून दावं ओढते. बिनकाट्याचा म्हटला तरी काही पानांवर डोळ्यांपाशी बारीक कुसं असतात, ती बोटांत शिरतात. पान पोत्याने पुसून घ्यावं आणि कापणाऱ्या बाईला हातमोजा द्यावा. एवढी गोष्ट कुठल्याच पत्रकात छापलेली मी पाहिली नाही. पानं कापणार कोण याचा विचार पत्रक लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

हे पीक आपल्याला नवं वाटतं, पण या देशाचा निवडुंगाशी संबंध जुना आहे, आणि त्यातून एक धोका समजतो. कंपनी सरकारला लाल रंग हवा होता. मेक्सिकोत निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून तो मिळायचा. १७९५ साली कॅप्टन निल्सन नावाच्या गृहस्थाने ब्राझीलहून किडे आणले. ते हव्या त्या जातीचे नव्हते, रंग हलका निघाला आणि धंदा बसला. पण त्या किड्यांनी इथला एक काटेरी निवडुंग खाऊन फस्त केला. ते पाहून १८६०च्या दशकात दक्षिणेत तण मारण्यासाठी म्हणून तो किडा मुद्दाम सोडला गेला. किडीकडून तण मारून घेण्याचे जगातले जे अगदी पहिले यशस्वी प्रयोग मानतात, त्यांत हा येतो. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनील आला आणि माजलेला फड्या निवडुंग काही वर्षांत हजारो हेक्टरांवरून नाहीसा झाला. शेतं मोकळी झाली, लोक सुखावले.

तो १९२६चा किडा अजून या देशात आहे. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या पट्ट्यात काही लाख हेक्टरांवर चाऱ्याचा निवडुंग उभा आहे. तिथली गाई-शेळ्यांची शेती त्यावर चालते. याच जातीच्या कोचिनीलने तिथे या शतकाच्या सुरुवातीला परनाम्बुको आणि पाराईबा या राज्यांत निवडुंगाची रानंच्या रानं वाळवली. मोरोक्कोत २०१४नंतर तेच झालं. सर्वांत भयंकर गोष्ट दक्षिण मादागास्करची. तिथल्या गुराख्यांची गुरं कोरड्या महिन्यांत निवडुंगावर जगायची, माणसंही त्याची फळं खायची. १९२०च्या दशकात फ्रेंच अमदानीत तिथे कोचिनील सोडला गेला. निवडुंग संपला, गुरं मेली, मग माणसं मेली. दक्षिण भारतात ज्या गोष्टीचा आनंद झाला, तीच तिथे काळ होऊन आली. फरक एवढाच, की तिथल्या लोकांचं पोट त्या झाडावर होतं.

म्हणून मी कृषी अधिकाऱ्यांना आणि संस्थांना कळकळीने सांगतो, एकाच जातीची पानं सगळ्या जिल्ह्यात वाटू नका. ब्राझीलने किडीला दाद न देणाऱ्या जाती शोधून लागवड पुन्हा उभी केली. आपण सुरुवातच तीन-चार जातींनी करावी. शेतकऱ्याने काय पाहायचं तेही सोपं आहे. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणासारखे पांढरे, कापसाळ पुंजके पानाच्या बुडाशी दिसले तर एक पुंजका बोटाने चिरडून पाहावा. लालभडक रंग आला की कोचिनील. ती पानं कापून लगेच गाडावीत, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. कपाशीवाल्या शेतकऱ्याची नजर या बाबतीत तयार असते, त्याला फक्त ओळख करून द्यायची आहे.

महाराष्ट्रात हे काम अगदीच कोरं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकातच अमेरिकेतून आणलेल्या जाती लावून पाहिल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला उभ्या केलेल्या बायफ संस्थेने इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने गेल्या दशकात जाती तपासल्या, रोपवाटिका केली, बाडमेरसारख्या वाळवंटी भागात शेळ्यांना खाऊ घालून पाहिलं. १२७०, १२७१, १२८०, १३०८ असे त्या जातींचे नुसते क्रमांक आहेत. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने पाणलोट योजनेत या लागवडीला जागा दिली आहे. तिथे मात्र चाऱ्याबरोबर बायोगॅस, खत, चामड्यासारखं कापड अशी मोठी यादी ऐकू येते. मला त्या यादीची धास्ती वाटते. अमेरिकेत ल्यूथर बरबँक या नामांकित माणसाने १९०७च्या सुमारास बिनकाट्याचा निवडुंग असाच वाजतगाजत विकला. वाळवंटं हिरवी होतील म्हणून लोकांनी पानं चढ्या भावाने घेतली. काटे काढून घेतलेलं झाड ससे आणि मोकाट गुरंही आवडीने खातात, त्याला कुंपण लागतं, खुरपणी लागते, हे नंतर कळलं. आधी जनावराचं पोट भरू द्या. चारा उरला तर गॅस करा.

कुंपणाचं आपल्याकडेही तसंच आहे. रोही आणि रानडुकरं कपाशी-तूर सोडत नाहीत, ती हिरवं रसाळ पान सोडतील? माळावर नेऊन लावलेला निवडुंग पहिल्याच उन्हाळ्यात संपेल. तो घराजवळ, गोठ्यामागे, शेततळ्याच्या भरावावर, नजरेच्या टप्प्यात हवा. जमिनीचंही भान हवं. दुधना आणि गोदावरीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि बुंधा कुजतो. त्या जमिनी ज्वारीच्या आहेत, ज्वारीलाच द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं परभणी मोतीसारखं रब्बी वाण धान्यही देतं आणि कडबाही. निवडुंगाची जागा भोकरदन-जाफराबादकडच्या डोंगरउतारावर, मुरमाड बरडावर, रुंद बांधांवर आहे. म्हणजे जिथे आज काहीच येत नाही तिथे.

आणि गायरानाबद्दल स्पष्ट बोलतो. योजना आली की सगळ्यांची नजर आधी गायरानाकडे जाते. मराठवाड्यात कितीतरी गायरानं भूमिहीन दलित कुटुंबांनी दगड वेचून वहितीला आणली आहेत. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला आहे, खटले अंगावर घेतले आहेत. निवडुंग लागवडीच्या नावाखाली त्यांना तिथून उठवण्याचा घाट कुणी घातला तर त्या लागवडीला माझा विरोध राहील. उलट शेळ्या याच घरांत जास्त असतात. पानं पहिल्यांदा त्यांना मिळायला हवीत.

नव्वदच्या दशकात आपल्या जिल्ह्यातल्या कडवंचीत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम केलं. त्या गावाची द्राक्षं आणि शेततळी आज सगळे पाहायला जातात. अशा कामांत चराईबंदी ही पहिली अट असते. चराईबंदीने डोंगर हिरवा होतो, हे मी मानतो. पण ज्याची जमीन नाही आणि शेळ्या चार आहेत, त्याने बंदीच्या दुसऱ्या दिवशी शेळ्यांना काय घालायचं, याचं उत्तर ठरावातच लिहिलेलं हवं. निवडुंग हा त्या उत्तराचा एक भाग होऊ शकतो. मात्र तो बंदीच्या दोन वर्षं आधी लागलेला असला पाहिजे.

खर्चाचंही सांगतो. २०१९ साली चारा छावणीत मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ९० आणि मग १०० रुपये शासन देत होतं. तीन महिन्यांचे एका गाईमागे आठ-नऊ हजार झाले. तो पैसा उसात आणि वाढ्यात गेला, गाई वाचल्या, ते आवश्यकच होतं. पण छावणी उठली की गावात काही उरत नाही. एवढ्या पैशाचा थोडा हिस्सा चांगल्या वर्षात गावोगाव पाच-पाच गुंठ्यांच्या रोपवाटिकांवर आणि रब्बी ज्वारीच्या बियाण्यावर घाला, अशी माझी मागणी आहे.

एका गावात सुरुवात कशी करावी ते सांगून थांबतो. वर्षभराचं, निबर, निरोगी पान कापायचं. ते दहा-पंधरा दिवस सावलीत पसरून ठेवायचं, कापलेली कड सुकून टणक होईपर्यंत. ओल्या कडेने लावलं तर ते सडतं, आणि निम्मी लागवड अशीच वाया जाते. मग मुरमाच्या उंच सरीवर एक तृतीयांश पान मातीत, शेणखताची ओंजळ घालून. पहिल्या वर्षी खुरपायचं, कापायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून कापा, पण बुडाचं मूळ पान आणि त्यावरची पहिली फूट राखा. ज्याला गावाने दहा पानं दिली, त्याने तीन वर्षांत वीस पानं दुसऱ्या घराला द्यायची. कुणाला दिली याची वही बचतगटाच्या बायकांकडे ठेवावी, ग्रामपंचायतीच्या कपाटात नाही. यंदाच्या मृगाच्या आधी जी गावं तयार असतील, त्यांनी मे महिन्याच्या मध्यापर्यंत पानं कापून सावलीत टाकावीत. माझ्या गोठ्यामागे चार जातींची झाडं आहेत. येताना पोतं आणि कोयता आणा.